अंगणातलं इंजिन

होडीच्या इंजिनदुरुस्तीच्या कोर्सात प्रांजली पहिल्या नंबराने पास झाली, तरी रेवदंड्याच्या बंदरावर तिला कुणी हाक मारीना. बाईचा पाय होडीला लागू नये, अशी तिथली रीत. मग ऐन हंगामात सासऱ्यांच्याच होडीचं इंजिन बंद पडलं आणि दुसरा मेकॅनिक मिळेना. चौघांनी ते खोललं आणि बांबूला टांगून तिच्या अंगणात आणून ठेवलं. संध्याकाळी ते सुरू झालं. हळूहळू सगळ्या बंदराची इंजिनं तिच्या दारी येऊ लागली.

वर्षभर इंजिनं वाहून गड्यांचे खांदे सोलले, तेव्हा सासरे म्हणाले, "पोरी, आता होडीवरच येत जा. रीतीचं मी बघतो."

प्रांजलीने पाना फडक्याला पुसला. "न्हाय बाबा, माझ्यासाठी रीत मोडू नका. इंजिनच आणत जा."