सतरा नंबरची फेरी

"ताई, शेवटच्या फेरीला शर्यत संपल्याचा झेंडा तूच दाखव हं. दुसऱ्या कुणाचा मी मानणार नाही," धाकटा शर्यतीआधी म्हणाला होता. ताईने हो म्हटलं होतं.

शेवटच्याच फेरीत त्याची सतरा नंबरची गाडी जंगलाच्या वळणावर त्याच्यासकट जळून खाक झाली. पुढे जुना ट्रॅक मोडून तिथे तळं केलं, शेजारी नवा रुंद ट्रॅक आला, नवे स्टँड आले. झेंड्याचं काम मात्र ताईकडेच राहिलं.

नऊ वर्षं झाली. रोज भर दुपारी, रिकाम्या ट्रॅकवर, वेळ मोजणारं यंत्र नेमाने एक फेरी छापायचं: गाडी सतरा.

"यंत्राला जेवणानंतर बडबडायची खोड आहे," मेकॅनिक हसायचा. आज त्याने वायरच उपटून हातात धरली. तरी कागद सरकला. मेकॅनिक हसला नाही.

"ताई, ही वेळ जुन्या ट्रॅकची आहे हो. नव्यावर एवढा वेळ लागतच नाही."

"दमलाय तो," ताई हळूच म्हणाली. "रोज थोडा थोडा उशीर होतो त्याला."

"अहो, पण शर्यत संपायची ती जुनी रेषा तळ्याच्या पाण्याखाली गेली की!"

ताईने काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा काखेत धरला आणि ती पायऱ्या उतरून तळ्याकडे चालू लागली.