उंबरा आणि शीव

२०२३ साल. शनी अमावस्या चार दिवसांवर आली होती आणि भागिरथीबाईंचं करंटचं मशीन घरातून नाहीसं झालं होतं.

मशीन म्हणजे गुडघ्याखाली बांधायचा पट्टा. आदल्या वर्षी लकवा मारल्यापासून त्यांचा डावा चवडा लोंबायचा, उंबऱ्याला अडायचा, आणि त्या तोंडावर आपटायच्या. पट्टा बांधला की पाऊल उचलताना करंटचा चिमटा बसायचा आणि चवडा वर यायचा. तो रोज बांधून चालायला नगरच्या फिजिओथेरपिस्ट धनश्री मॅडमनी सांगितलं होतं. हळूहळू तोल सावरला. गेल्याच आठवड्यात त्यांनी कुणाचा हात न धरता उंबरा ओलांडला आणि घरात सांगून टाकलं, "अमावस्येला दुकानात मी बसनार."

दुकान त्यांचंच होतं. नवरा गेल्यावर शनिशिंगणापुरात देवळाच्या रस्त्यावर तेल आणि रुईच्या माळा विकून त्यांनी ते उभं केलं होतं. त्या पडल्यापासून मुलगा प्रशांत तिथे बसत होता, आणि दुकान माझ्या नावावर कर म्हणून मागे लागला होता.

"मशीन चोरीला गेलं," भागिरथीबाई म्हणाल्या.

प्रशांत हसला. "आये, आपल्या गावात कदी चोरी हुती का? तूच ठिवलं असशील कुटंतरी. लकव्यानं डोस्कं बी गेलं तुजं."

शेजारचे पुंजाराम धावत आले. "वहिनी, गावाचं नाव घालवू नका. घराला दारं न्हाईत आपल्या, दारं!"

गल्लीभर हेच. पूर्वी याच गल्लीत कुणी आजारी पडलं तर चार घरच्या बाया भाकरी झाकून आणायच्या. आता आल्या त्या गप्प बसा म्हणून सांगायला. गावाच्या अब्रूची काळजी सगळ्यांना होती, बाईच्या पायाची एकालाही नव्हती. भागिरथीबाई खाटेवर पडून राहिल्या. समोर दार नसलेली चौकट, पुढे रस्ता, रस्त्यावर आपलं दुकान. दार नसलेल्या घरातही बाईला कोंडून ठेवता येतं.

अमावस्येच्या आदल्या दिवशी प्रशांतनं कागद पुढे केला. साक्षीला पुंजाराम होते. सून माधुरी चुलीपाशी खाली मान घालून उभी.

"आता तुला काय चालता यायचं न्हाई, आये. दुकान माज्या नावावर करायला हरकत न्हाई, एवढंच लिवलंय. सही कर. नेवाशाला तालुक्याच्या कचेरीत देऊन येतो."

भागिरथीबाईंनी कागद नीट वाचला आणि सही केली.

"जा बाबा," त्या म्हणाल्या. "हितं चोरी करून शीव वलांडली की मानूस आंधळा हुतो म्हनत्यात. पन तुला काय त्याचं? तू काय चोर हायस व्हय?"

या वेळी प्रशांत हसला नाही. त्यानं गाडीला किक मारली. गाडीचा आवाज शिवेपर्यंत गेला, तिथे बराच वेळ घुटमळला, आणि परत आला.

त्यानं पट्टा खाटेवर ठेवला. "माळ्यावर हुता," तो म्हणाला.

"काय भाऊजी, झाली का चोरी?"

पुंजाराम जमिनीकडे बघत म्हणाले, "माळ्यावर हुता म्हनतोय ना त्यो."

भागिरथीबाईंनी पट्टा बांधला, उंबरा ओलांडला आणि दुकानात जाऊन बसल्या.

पुंजाराम अजूनही पाहुण्यांना अभिमानानं सांगतात, आमच्या गावात आजवर चोरी झाली नाही. माधुरी सासूशेजारी बसून माळा ओवते. धनश्री मॅडमनी पुढे पट्टा सोडवला. भागिरथीबाई आता नुसत्या काठीवर चालतात आणि दर महिन्याला तपासणीसाठी शीव ओलांडून नगरला जाऊन येतात.

सही केलेला कागद त्यांनी परत मागितला नाही. तो प्रशांतच्या खिशातच आहे. नेवाशाला जायला तो कितीदा तरी निघतो. दर वेळी त्याची गाडी शिवेवरच बंद पडते, असं तो सांगतो.