उणे चार हजार दोनशे अकरा

मायबापहो, जरा जवळ सरका. गोष्ट एवढीशीच आहे, पण तिच्या शेवटी एका माउलीला हात जोडायचे आहेत, तेव्हा अर्ध्यातून उठू नका.

एका सॉफ्टवेअर कंपनीच्या कार्यालयात, फळ्यावर एका बाईच्या नावापुढे लाल शाईने आकडा पडला होता: उणे चार हजार दोनशे अकरा.

त्या कार्यालयात दर शुक्रवारी फळा भरायचा. आठवड्यात कुणी कोडच्या, म्हणजे प्रोग्रामच्या, किती ओळी लिहिल्या ते त्यावर मांडायचं. कुणी नऊशे, कुणी दीड हजार. पुसलेल्या ओळी वजा व्हायच्या, पण उण्यात जायची पाळी कधी कुणावर आली नव्हती. कारण पुसायच्या भानगडीत कुणी पडतच नव्हतं. फळ्याच्या वर एक पितळी ढाल होती. एका वर्षात सर्वांत जास्त ओळी लिहिणाऱ्याला नऊ वर्षांपूर्वी दिलेली. तो विक्रम अजून मोडला नव्हता. ढाल काळी पडली होती, तरी साहेब येता-जाता तिच्याकडे बोट दाखवायचे.

"कात्रीताई," शेजारच्या टेबलावरचा टकलू म्हणाला, "अशाच राहिलात तर महिन्याभरात कंपनीच पुसाल की!"

"तुझी फाइल बघून ठेवलीय," ती म्हणाली. "सुरुवात तिथूनच करते."

टकलू हसला, पण त्याने आपली फाइल गुपचूप बंद केली.

हे सगळं सुरू झालं तीन आठवड्यांपूर्वी, एका फोनवरून. रुग्णाच्या वजनावरून औषधाचा डोस काढून देणारा प्रोग्राम ही कंपनी बनवायची. तो फोन एका इस्पितळाच्या बालविभागातल्या सिस्टरचा होता.

"मॅडम, बाळ बारा किलोचं आहे, आणि तुमची स्क्रीन साठ किलोचा डोस दाखवतेय." आवाज शांत होता. "दिला नाही मी. मी आधी कागदावर गणित मांडते, मग स्क्रीन बघते. इथल्या पोरी हसतात मला. पण उद्या मी रजेवर असले तर?"

तो 'तर' कानात ठेवून ती शोधायला बसली. डोस काढायचं तेच गणित, एक ओळ सोडली तर काना-मात्रेचा फरक नाही, एकोणीस ठिकाणी सापडलं. कुणीतरी एकदा लिहिलं होतं आणि लागेल तिथे चिकटवत गेलं होतं. ती चूक पूर्वीही एकदा पकडली गेली होती. अठरा ठिकाणी सुधारलीही होती. एकोणिसावी जागा, मूल एका विभागातून दुसऱ्यात हलवतानाचा फॉर्म, तेवढी राहून गेली होती.

मग तिने त्या गणिताला किती फाटे फुटतात ते मोजलं. 'असं असेल तर इकडे, नसेल तर तिकडे' असे सत्तावीस फाटे! एकाही माणसाच्या डोक्यात मावणार नाहीत इतके. पहिल्या ओळीवरची जुनी तारीख वाचताना तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तीन आठवडे खपून तिने पाच फाट्यांचं एकच गणित केलं, एकोणीसही जागा त्याला जोडल्या, दहादा तपासलं, आणि बाकीचं सगळं पुसलं.

आता ते इस्पितळांत पोचायला फक्त साहेबांची मंजुरी हवी होती. साहेबांनी तिला आत बोलावलं.

"हे काय मांडलंयस? जुनं सगळं परत ठेव. त्या एका जागी दुरुस्ती कर. आकडा वर येईल, तुझी नोकरीही राहील."

"नाही ठेवणार."

"नाही?"

"साहेब, आज एकोणिसावी जागा दुरुस्त करीन. पुढच्या चुकीला पुन्हा अठराच सापडतील. बाळाचा जीव जायला एक जागा पुरते."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर आपटला. "इथे वजनकाटा मी धरतो, तू नाही!"

"धरा की. पण तो कचरापेटीखाली ठेवलाय. पेटी जड झाली की तुम्ही टाळ्या वाजवता."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "जीभ फार चालते तुझी! ज्याने हे लिहिलं त्याला ढाल मिळालीय, ढाल! त्याच्या कामाला कात्री लावताना निदान त्याला विचारलंस तरी का?"

"विचारलंय."

"मग?"

ती बाहेर गेली. खुर्चीवर चढून तिने ढाल उतरवली, तेव्हा सगळे काम सोडून बघत राहिले. बाहीने पितळ घासत ती आत आली आणि ढाल साहेबांपुढे ठेवली. साहेबांना इथे येऊन दोनच वर्षं झाली होती. ढालीवरची अक्षरं त्यांनी कधी वाचली नव्हती. त्यांनी चष्मा चढवला.

"कोण ही बाई? या नावाचं आपल्याकडे कुणी नाही."

"लग्नाआधी होतं," ती म्हणाली. "एकदा लिहिलं मी, आणि अठरा वेळा चिकटवलं. माझं नाव फळ्यावरून उतरवायचं असेल तर आधी इथून उतरवा."

साहेबांनी ती अक्षरं बोट फिरवत पुन्हा वाचली. मग त्यांनी मंजुरीचं बटण दाबलं.

ते नाव मी तुम्हाला सांगितलं नाही, मायबापहो, आणि तिलाही ते नको आहे. नाव घ्यायचंच तर त्या सिस्टरचं घ्यावं, पण फोनवर ते विचारायचंच राहून गेलं. म्हणून आज हात जोडाल तेव्हा बिननावानेच तिची आठवण काढा: पोरी हसत होत्या, आणि ती बारा किलोचं गणित कागदाच्या चिठोऱ्यावर पेन्सिलीने मांडत होती.