शेवटची पंगत

"शेवटच्या पंगतीत बसजो, कौसल्या. प्याला सगळ्याइच्या मांगून घेजो. मंग तुह्या मांगून प्यायची कोनावर पाळी नाही, अन् मान खाली घालायची तुह्यावर पाळी नाही."

लालीबाईचे हे शब्द कौसल्याच्या कानात होते. देवळात, अगदी मागच्या भिंतीला टेकून ती बसली होती. समोर क्रूसाखालच्या मेजावर भाकरीचे तुकडे होते. शेजारी मनुकांच्या रसाचा एकच पितळी प्याला. महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाला, सगळी मंडळी त्याच प्याल्यातून एकेक घोट घेत.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात कौसल्याला महारोग्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. चार वर्षं झाली. पांढऱ्या गोळ्यांनी रोग गेला, डाव्या हाताची दोन बोटं तेवढी वाकडी राहिली. काल ती एस.टी.नं कळंबला उतरली आणि गावापर्यंत चालत आली. डॉक्टरांचा दाखला पदराच्या गाठीत होता. नवरा कधीच वारला होता. घरात एकटी सासू, मैनाबाई. चार वर्षांत ती एकदाही भेटायला आली नव्हती. काल सुनेला दारात पाहून एवढंच म्हणाली, "पाय धू. उद्या प्रभुभोजन हाय." आणि पुन्हा मनुका निवडू लागली. देवळासाठी रस काढायचं काम तिचंच.

लालीबाई तांड्यावरची. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर असायची. तिलाही दाखला मिळून दोन वर्षं झाली होती. ती तांड्यावर गेली तेव्हा तिनं पाणी प्यायलेला लोटा भावजयीनं चिमट्यानं उचलून जाळात टाकला. लालीबाई आल्या पावली दवाखान्यात परतली. त्यानंतर फाटकाबाहेर पाऊल नाही. निरोप देताना म्हणाली होती, "तुह्या मांगून एकानं जरी तोंड लावलं, तं मले सांगाले येजो. मंग मीबी भाईर निंगीन." कौसल्यानं तिच्या हातावर हात ठेवून वचन दिलं होतं.

आज देवळात तिच्या आजूबाजूची सगळी जागा रिकामी होती. नेहमी दाराशी बसून डुलकी काढणारे पंजाबरावही पहिल्या पंगतीत जाऊन बसले होते.

"पंजाबराव," मैनाबाई खांबाजवळून म्हणाली, "लग्नात जेवालेबी तुमी एवढ्या लवकर नाही बसत!"

कोणीतरी फिसकन हसलं.

"गुडघे दुखते वं माय," पंजाबराव पुटपुटले. "आधी उरकलेलं बरं."

पाळकसाहेब प्याला देऊ लागले. प्रत्येकाजवळ वाकून म्हणत, "तुझ्यासाठी." मग फडक्यानं कड पुसून पुढच्याला देत. पुरुषांची पंगत उठली. बायकांची उठली. कौसल्या डोळे मिटून रोज पहाटेची प्रार्थना म्हणत होती. "प्रभू, तू महारोग्याला आधी हात लावलास, मग बरं केलंस. तुझा हात मला पुरे."

देवाच्या मायेची तिला शंका नव्हती. शंका माणसांची होती.

शेवटी ती एकटीच पुढे गेली. गुडघे टेकले.

"तुझ्यासाठी," पाळकसाहेब म्हणाले.

तिनं प्याला दोन्ही हातांत धरला. वाकडी बोटं लपवली नाहीत. एक घोट घेतला. गोड होता. झालं. मागे कोणी उरलं नव्हतं. लालीबाईला सांगण्याजोगं काही घडलं नव्हतं. पाळकसाहेबांनी प्याला झाकायला रुमाल उचलला.

"थांबा साहेब. मी राह्यली."

खांबाजवळून मैनाबाई आली आणि सुनेच्या खांद्याला खांदा लावून गुडघ्यांवर बसली. पाळकसाहेबांनी सवयीनं कड पुसायला फडकं पुढे केलं.

"पुसू नोका," ती म्हणाली.

तिनं प्याला फिरवला. कौसल्याचे ओठ जिथं टेकले होते, नेमकी ती ओली जागा आपल्याकडे घेतली आणि प्याली.

देवळात कुजबुज उठली. "म्हातारीनं प्याला घेतला!" पंजाबराव गुडघ्यांचं दुखणं विसरून ताडकन उभे राहिले. "चार वरसानं घेतला, बाप्पा!"

कौसल्याला काहीच उमगेना. बाहेर निंबाखाली तिनं विचारलं, "आत्याबाई, चार वरसं तुमी प्याला काहून नाही घेतला?"

मैनाबाई निंबाच्या बुंध्याला टेकली.

"मी भेत होती, पोरी. तुह्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत दोनदा आली अन् वापस फिरली. मंग देवाले म्हनलं, तू आधी हात लावतं, अन् मले फाटक ओलांडता येत नाही. आता तुह्या प्याल्याले तोंड लावीन, तं कौसल्याच्या मांगूनच. दर म्हयन्याले मनुका भिजवल्या, रस काढला अन् कोरडीच उठली."

"अन् आज? भेव गेलं?"

"गेलं ना वं," म्हातारी हसली. "चार वरसात पयल्यांदा माह्याच मनुका गोड लागल्या."

कौसल्यानं डोळे पुसले. घरी येऊन दवाखान्यातल्या टायरच्या चपला पायात सरकवल्या.

"आता कुठी? भाकर तं खाय."

"लालीबाईले वचन देलं होतं, आत्याबाई. माह्या मांगून कोनी प्यालं तं सांगाले येईन म्हनून."

मैनाबाई आत गेली. एक पुरचुंडी आणून तिनं सुनेच्या वाकड्या बोटांत ठेवली.

"पुढच्या म्हयन्याच्या मनुका हायेत. तिले म्हन, भिजवाले तुहे हात पायजेत."

कौसल्यानं पुरचुंडी पदरात बांधली. जिथं काल दाखला होता, त्याच गाठीत. आणि ती कळंबच्या वाटेला लागली.