म्हसावदची अनवाणी वाट

"गादी माळ्यावर टाकून दे," छगनलाल म्हणाला. "आजपासून मी फरशीवर झोपणार."

त्याच्या बायकोनं, बदामबाईनं, का म्हणून विचारलं नाही. तिनं त्याची गादी गुंडाळली, आणि थोड्या वेळानं आपलीही.

शहाद्याच्या बाजारात छगनलालचं कापडाचं दुकान होतं. पन्नाशी उलटली होती, दोन्ही मुली सासरी नांदत होत्या. दिवसभर तक्क्याला टेकून बसायचं, घरी येऊन जेवायचं, झोपायचं. त्या चातुर्मासात जैन स्थानकात एका महाराजांनी सांगितलं, की अंग फार लाडावलं की जीवही सुस्तावतो. ते त्याच्या मनात रुतून बसलं. वर्षभर शरीराला कष्ट द्यायचे, आणि निभावलं तर दीक्षा घेऊन घर सोडायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं. पण दीक्षेला घरच्यांची संमती लागते. बदामबाईला हे सांगायचा त्याला धीर होईना.

तो एकवेळ जेवू लागला. तीही एकवेळच जेवू लागली. पौषात त्यानं रजई सोडली, तर सकाळी तिच्याही रजईची घडी न मोडलेली.

"तुला कशाला हा त्रास?" त्यानं विचारलं.

"मला त्रास होत नाही," ती म्हणाली.

वैशाखात, भर उन्हात, तो काही कोसांवरच्या म्हसावदला मुद्दाम अनवाणी निघाला. बदामबाई मागोमाग. वाटेत ओळखीचा उखा गाडीवान भेटला.

"शेठ, गाडीमा बसा ना. पाय भाजतीन."

"भाजू दे," छगनलाल हसून म्हणाला.

दुपारी ते एका निंबाखाली टेकले. छगनलालच्या टाचेत काटा मोडला होता. तिनं तो काढला. मग त्यानं तिचा पाय मांडीवर घेतला. तळव्याला फोड आले होते. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यानं हा तळवा कधी पाहिलाच नव्हता. ती चालताना हलक्या आवाजात स्तवन गुणगुणते, हेही त्याला त्याच दिवशी कळलं.

त्यानंतर तो दुकानातून लवकर घरी येऊ लागला. भूक लागायची, पाठ दुखायची, पण सकाळी उठावंसं वाटायचं. दोघं नदीपर्यंत चालत जात, मुलींच्या लहानपणच्या गोष्टी काढत.

आषाढात स्थानकात चातुर्मासासाठी साध्वी आल्या. बदामबाई रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊ लागली. छगनलाल मात्र दीक्षेसाठी महाराजांना पत्र लिहायचं पुढे ढकलत राहिला. कार्तिक उजाडला तेव्हा त्याला स्वतःपाशी कबूल करावं लागलं. हे घर आता सोडवणार नव्हतं.

पौर्णिमेच्या सकाळी तो तिच्यासमोर बसला.

"मी दीक्षा घेणार होतो. वर्षभर तुझ्यापासून लपवलं."

"ठाऊक होतं मला."

"आता नाही घेणार. जेवढं आयुष्य उरलंय तेवढं तुझ्यासोबत चालायचंय. असंच, अनवाणी."

बदामबाईनं डोळ्यांना पदर लावला. त्याला वाटलं, आनंदानं.

"तुम्ही आधी निघाल, मग मलाही घर सोडणं जड जाणार नाही, म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "साध्वींनी मला माघात दीक्षेचा दिवस दिलाय. फक्त तुमची संमती राहिली आहे."