टाळीच्या आधी

आमच्याकडच्या पिरॅमिडसारख्या जुन्या देवळाच्या पायऱ्यांसमोर टाळी वाजवली की प्रतिध्वनी पाखराच्या चिवचिवाटासारखा येतो. वरच्या पायऱ्यांवरून आवाज जरा उशिरा परततो, म्हणून. शाळेत मी हेच शिकवते.

सुट्टीत वेनान्सिओ आणि त्याची आई, एलिखियामावशी, यांच्याबरोबर मी तिथे गेले. मावशींच्या टोपलीत नेहमीसारखा पाव आणि गरम चॉकलेट होतं. आमच्यात मुलगी मागणी घालणाऱ्या मुलाच्या घरचं चॉकलेट प्यायली की लग्न ठरतं. मी कितीतरी दिवस ‘विचार करते’ म्हणत होते.

“वाजव गं टाळी! का त्याचाही विचार करणारेस?” मावशी म्हणाल्या. वेनान्सिओ खो खो हसला.

मी हात उचलले. तळवे जुळायच्या आधीच प्रतिध्वनीचं पाखरू चिवचिवलं.

मी हात तसेच धरून उभी राहिले. मग पायऱ्यांवरून माझाच आवाज आला, स्पष्ट, हसरा : “मावशी, ओता चॉकलेट. मी पिते.”

मावशी आनंदाने पेला शोधू लागल्या. वेनान्सिओ माझ्या मिटलेल्या ओठांकडे बघत राहिला.

माझ्या अंगावर काटा आला, आणि हसूही फुटलं. प्रतिध्वनीला मूळ आवाज लागतोच.

“मावशी,” मी म्हणाले, “ओता चॉकलेट. मी पिते.”