स्वतःबद्दल दोनशे शब्द

मोठ्या शाळेच्या अर्जासोबत मुलीने स्वतःबद्दल दोनशे शब्द लिहायचे होते. तिने लिहिलं, मला चित्रं काढायला आवडतं, आई शिवणकाम करते, बाबा फर्निचरला पॉलिश करतात, आमचं छान चाललंय.

क्लासच्या बाईंनी कागद परत केला. "असली छान चाललेली घरं ढिगाने येतात गं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल असं काहीच नाही तुमच्याकडे?"

घरी तिघंही डोकं धरून बसले. कोणी आजारी नव्हतं, कोणी पीत नव्हतं. शेवटी बाबांनीच तोडगा काढला.

"मला मारून टाक. कागदावर मरायला माझं काय जातंय?"

आई ताडकन उठून आत गेली. मुलीने मात्र लिहायला घेतलं. 'बाबा गेले आणि घरातला पॉलिशचा वासही गेला,' हे वाक्य तर बाबांनीच सुचवलं. तिने सगळं वाचून दाखवलं तेव्हा डोळे पुसत होते तेही बाबाच.

निवड झाली. शाळेच्या वसतिगृहात मुलीची ट्रंक खांद्यावर घेऊन बाबा धापा टाकत जिना चढले. पॉलिशने काळी पडलेली त्यांची बोटं बघत रेक्टरबाईंनी मुलीला विचारलं, "हे कोण?"

कोणी विचारलंच तर मामा म्हणून सांगायचं, असं घरून ठरवून निघाले होते.



मुलगी म्हणाली, "सामान उचलायला आणलाय."